काय वाजलं ते सांगा : टॉम जॉन्सन यांचं प्रकरण

मैफलीचं परीक्षण लिहिणाऱ्याची शब्दांची पेटी ठरलेली असते. मैफल ‘उत्तरोत्तर रंगत’ जाते, रसिक ‘स्वरवर्षावात चिंब’ होतात, तबल्याची साथ ‘समर्पक’ असते आणि शेवटची भैरवी ‘मनात रेंगाळत’ राहते. मीही हे केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दैनिकासाठी परीक्षणं लिहायचो. तीनशे शब्द, रात्री साडेअकराच्या आत. एकदा एका गायकानं दुसऱ्या दिवशी फोन केला, आभार मानले आणि जाता जाता विचारलं, “छानच लिहिलंत हो, पण मी गायलो काय, ते कुठे आहे त्यात?” मी कात्रण पुन्हा वाचलं. रागाचं नाव सोडलं तर खरंच कुठे नव्हतं.

टॉम जॉन्सन हे नाव मला त्यानंतर कधीतरी भेटलं. अमेरिकन संगीतकार, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाचे दहा-अकरा वर्षांचे संगीत समीक्षक, आणि पुढे चार दशकं पॅरिसमध्ये राहून आकड्यांतून संगीत काढणारा माणूस. एकाच गोटात राहून लिहायचं आणि रचायचंही, अशी दुहेरी नोकरी केलेल्यांत हे प्रकरण मला सगळ्यांत उलगडून बघण्यासारखं वाटतं. या दुहेरीपणाबद्दल दोन ठरीव मतं असतात. एक म्हणजे असा माणूस मित्रांची तळी उचलतो. दुसरं म्हणजे समीक्षा करता करता त्याच्यातला कलावंत आटतो. जॉन्सन यांच्या बाबतीत दोन्ही नीटसं लागू पडत नाही. तिथे तिसरंच काहीतरी झालं.

सामानाच्या गाड्या, टॅक्सी आणि पोटमाळे

जॉन्सन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९३९ चा, कोलोरॅडोतल्या ग्रीली गावचा. येल विद्यापीठातून दोन पदव्या, मग न्यूयॉर्कमध्ये मॉर्टन फेल्डमन यांच्याकडे खासगी शिक्षण. फेल्डमन म्हणजे अतिशय हळू आवाजातल्या, संथ, कुठेच पोहोचायची घाई नसलेल्या संगीताचा माणूस. १९७१ च्या अखेरीस जॉन्सन ‘व्हॉइस’मध्ये लिहायला लागले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एक, डिसेंबर १९७१ मधला, संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या ‘ड्रमिंग’ या तालवाद्यांच्या रचनेवर आहे.

त्या काळचं मॅनहॅटन डोळ्यांसमोर आणायला हवं. शहराच्या वरच्या भागात लिंकन सेंटर, तिथे ऑपेरा, फिलहार्मनिक, काळे कोट. खालच्या भागात कारखाने उठून गेलेल्या इमारती, त्यांचे मोकळे मजले (‘लॉफ्ट’, आपल्या भाषेत पोटमाळे), आणि तिथे जमिनीवर मांडी घालून बसलेले श्रोते. १९७१ मध्येच स्टाइना आणि वूडी वासुल्का या जोडप्यानं मर्सर आर्ट्स सेंटरच्या स्वयंपाकघरात एक जागा सुरू केली. नाव सुचायला वेळ लागला नसावा: ‘द किचन’. संगीतकार फिलिप ग्लास पोटासाठी नळजोडणीची कामं करत होते, टॅक्सी चालवत होते. ग्लास आणि राइश यांनी काही काळ मिळून लोकांच्या सामानाची ने-आण करण्याचा धंदाही केला. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे दोघं संगीतकार पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्य झाले होते. प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत आले. ते किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या तालमीतले. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा संगीतोत्सव पाहिलेल्या माणसाला हे वाचून जरा गंमत वाटते: ज्या घराण्याचा स्वरलगाव आपल्याकडे घरोघरी पोहोचला, त्याचीच एक फांदी न्यूयॉर्कच्या त्या मोकळ्या मजल्यांवर तानपुरा लावून बसली होती.

या सगळ्यात समीक्षकाची पंचाईत अशी की त्याच्याकडे नावंच नव्हती. आपण ‘यमन गायला’ असं लिहितो तेव्हा निम्मं सांगून झालेलं असतं. वाचकाच्या कानात तीव्र मध्यम आपोआप वाजतो. इथे राग नाही, सोनाटा नाही, आधीची रेकॉर्ड नाही. एखादी बाई अर्धा तास एकच सूर धरून बसली, तर त्याला काय म्हणायचं? जॉन्सन यांनी यातून काढलेली वाट साधी होती. किती वाजवणारे होते, कोणती वाद्यं होती, लोक कुठे बसले होते, काय किती वेळ चाललं, कधी बदललं आणि किती बदललं, हे सांगायचं. मत असेल तर शेवटी, ओळ-दोन ओळी, आणि नसेल तर नाहीच. आज ती परीक्षणं वाचताना न ऐकलेली रचनाही थोडीफार वाजवून बघता येईल असं वाटतं. माझ्या त्या तीनशे शब्दांतून कुणाला कसलाही आलाप घेता आला नसता.

नाव ठेवण्याची वेळही आलीच. सप्टेंबर १९७२ च्या लेखात त्यांनी यंग, रायली, राइश आणि ग्लास या चौघांना मिळून ‘न्यूयॉर्क हिप्नॉटिक स्कूल’ म्हटलं. ‘स्कूल’ म्हणजे आपल्या हिशेबानं घराणंच; न्यूयॉर्कचं संमोहन घराणं. हे नाव टिकलं नाही. टिकलं ते ‘मिनिमल’, म्हणजे मोजक्या सुरांचं, सावकाश बदलणारं. तेही त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये संगीतकार ऑल्विन लुसिए यांच्या संदर्भात वापरलं होतं, आणि त्याच्याही चार वर्षं आधी लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये मायकल नायमन यांनी वापरलं होतं. नायमन तेव्हा समीक्षक होते, पुढे संगीतकार म्हणून नावाजले. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या सगळ्यांत चर्चित संगीतप्रवाहाचं बारसं दोन समीक्षक-संगीतकारांनी केलं. राइश आणि ग्लास दोघंही त्या शब्दाला नाक मुरडत आले. जॉन्सन मात्र ‘मी मिनिमलिस्ट’ असं खुशाल सांगत.

स्वतःचंच परीक्षण गाणारी रचना

आता रचनांकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे.

‘ॲन अवर फॉर पियानो’ ही १९७१ ची रचना, बरोबर साठ मिनिटांची. सोबत श्रोत्यांच्या हातात माहितीपत्रक, जे संगीत चालू असतानाच वाचायचं. पत्रक वाचकाशी बोलत राहतं, त्याचं लक्ष कुठे आहे ते विचारतं, आणि मधूनच बजावतं की या पत्रकामुळे संगीताकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. आपल्याकडच्या ध्वनिक्षेपकावरून ‘कृपया मोबाइल बंद ठेवा’ सांगताना स्वतःचाच मोबाइल वाजावा, तशातला हा प्रकार, फक्त मुद्दाम केलेला.

१९७२ चा ‘द फोर नोट ऑपेरा’. पाच गायक, एक पियानो, आणि पूर्ण ऑपेरात फक्त चार सूर: डी, ई, ए, बी. डीला षड्ज मानला तर सा, रे, प, ध. भूपातला गंधार काढून ठेवला की जे उरतं ते. आपल्या शास्त्रात इतक्या कमी स्वरांना राग म्हणायला लोक कचरतात. मालश्रीसारखे अपवाद सोडले तर पाचाखाली कुणी उतरत नाही. या चार सुरांत गायक प्रेम, सूड, राजवाडे असलं काही गात नाहीत. ते गातात ते गाण्याबद्दलच. आता काय चाललंय, पुढे काय येणार, कुणाला वाव जास्त मिळाला, कुणाला कमी. इटालियन नाटककार पिरांदेल्लोची, स्वतःच्या लेखकाला शोधत येणारी सहा पात्रं यामागे आहेत, हे जॉन्सन यांनी कधी लपवलं नाही. ही कृती जगभर शंभराहून जास्त वेळा उभी राहिली. त्याचं एक कारण व्यावहारिक आहे: वाद्यवृंद नको, नेपथ्य नको, पियानो आणि पाच चांगले गळे पुरतात. दुसरं कारण असं की ऑपेरा न कळणाऱ्यालाही हा कळतो, कारण तो स्वतःच स्वतःला समजावून सांगत असतो.

१९७५ मध्ये ‘फेलिंग’ आली, एकट्या डबल बेससाठी, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या सगळ्यांत थोरल्या, खर्जातल्या वाद्यासाठी. वादकापुढे स्वरलिपी आणि खाली मजकूर. बो (गज) चालवता चालवता तो मजकूर मोठ्यानं वाचायचा. सुरुवातीला सोपं असतं. लांब सूर, छोटी वाक्यं. वादक प्रेक्षकांना सांगतो की ही रचना फार अवघड आहे आणि पुढे आणखी अवघड होत जाणार आहे. मग तसंच होतं. बोटं धावायला लागतात, वाक्यं लांबतात, श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच त्याला शांत आवाजात सांगायचं असतं की बोलणं नैसर्गिक राहिलं पाहिजे. शेवटाकडे पेच येतो तो तर्काचा. रचनेचं नावच अपयश; वादक सपशेल यशस्वी झाला तर रचनेचा आशय पोहोचवण्यात तो अपयशी ठरला, आणि अडखळला तर जमलं. याची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज मिळतात. ऐकताना वादकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि सभागृहातलं हसू पोटात गोळा आलेल्या माणसांचं असतं.

या तिन्हींत काय समान आहे, ते उघड आहे. संगीत वाजतं आणि त्याच वेळी कुणीतरी ते काय वाजतंय ते सांगतं. दर आठवड्याला पोटमाळ्यावर बसून जॉन्सन जे दुसऱ्यांच्या संगीताचं करत होते, तेच त्यांनी आपल्या संगीताच्या आत नेऊन ठेवलं. दोन कामांची ओढाताण झालीच नाही; स्तंभ लिहिताना घासलेलं हत्यार त्यांनी रचनेत वापरलं. या प्रकरणातून मला सांगायचंय ते एवढंच.

हितसंबंधांचं काय?

हा प्रश्न टाळता येणार नाही. गोट लहान, सगळे एकमेकांच्या कार्यक्रमांना जाणारे. ज्याच्यावर मंगळवारी लिहायचं, त्याच्याशीच शुक्रवारी एखाद्या जागेच्या तारखांसाठी स्पर्धा. वर्णनाला चिकटून राहण्याचा एक फायदा इथे झाला: ‘चाळीस मिनिटं चार ऑर्गन एकाच कॉर्डवर होते’ (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) या वाक्यात मैत्री लपवायला जागा फारशी नसते. तरीही निवड उरतेच. कुठल्या पोटमाळ्यावर जायचं आणि कुठल्या नाही, हे ठरवणं हेच मत असतं, आणि ते छापील मतापेक्षा जास्त मारक ठरू शकतं. जॉन्सन यांच्या स्तंभामुळे जे इतिहासात राहिले त्यांच्याबरोबरच, ज्यांच्याकडे त्या रात्री कुणी लिहिणारं फिरकलंच नाही, त्यांचाही विचार येतो. हा दोष त्या एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. पण दोष आहे.

आपल्याकडे केशवराव भोळे आठवतात. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचं आणि प्रभातच्या ‘कुंकू’, ‘संत तुकाराम’ या चित्रपटांचं संगीत देणारा हा माणूस गायकांवर लिहायचा तो ‘एकलव्य’, ‘शुद्धसारंग’ अशा टोपणनावांनी. म्हणजे पेच तोच, तोडगा वेगळा. भोळ्यांनी मुखवटा घेतला, जॉन्सन उघड्या तोंडानं लिहित राहिले. मराठी गाणाऱ्यांचा मानापमान पाहता भोळ्यांचा तोडगा जास्त शहाणपणाचा होता, असं माझं मत.

दुसरी किंमत मात्र जॉन्सन यांनी मोजली. दहा वर्षं दर आठवड्याला दुसऱ्यांबद्दल लिहिणाऱ्याला लोक लिहिणारा म्हणूनच ओळखायला लागतात. १९८२ च्या अखेरीस त्यांनी निरोपाचा लेख लिहिला आणि १९८३ मध्ये ते पॅरिसला गेले, तिथेच स्थायिक झाले. पत्नी एस्तेर फेरेर, स्पॅनिश परफॉर्मन्स कलावंत. स्तंभांचं पुस्तक १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या ‘हेट अपोलोहाउस’नं छापलं, आणि पुढे जॉन्सन यांनी ते सगळ्यांना फुकट वाचायला खुलं करून टाकलं. त्या दशकाच्या न्यूयॉर्कवर लिहिणाऱ्या कुणालाही त्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘व्हॉइस’मधली ती परंपराही तुटली नाही, १९८६ ते २००५ या काळात तिथे काइल गॅन लिहित होते, आणि तेही संगीतकारच.

नारायण पंडितांच्या गायी

पॅरिसमध्ये स्तंभ नव्हता. मग त्या वर्णनाच्या सवयीचं काय झालं? ती आकड्यांकडे वळली.

सुरुवात पॅरिसला जायच्या आधीच झाली होती: १९८२ च्या ‘रॅशनल मेलडीज’मध्ये एकवीस सुरावटी आहेत, प्रत्येक एका नियमावर चालणारी. दशकाच्या मध्यात ‘द कॉर्ड कॅटलॉग’ आला: एका सप्तकात, वरच्या षड्जासह तेरा पट्ट्यांवर, शक्य असलेले सगळे कॉर्ड ओळीनं. आधी दोन सुरांचे ७८, मग तीन सुरांचे २८६, असं करत शेवटी तेराही पट्ट्या एकदम दाबलेला एकच. एकूण ८,१७८. हिशेब कुणालाही करता येतो: प्रत्येक पट्टी दाबलेली किंवा न दाबलेली, म्हणजे तेरा वेळा दोन, ८,१९२, त्यातून शांतता एक आणि सुटे सूर तेरा वजा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात सात स्वरांचे ५,०४० प्रस्तार, म्हणजे उलटसुलट क्रम, मांडण्याची रीत आहे. अमीर खाँसाहेब ज्या मेरुखंडानं, म्हणजे स्वरांचे असे क्रम फिरवत, गात त्याचं मूळ तेच. फरक हा की मेरुखंडातून गवई निवड करतो, रागाला चालेल तेवढंच घेतो. जॉन्सन निवड करत नाहीत. जे आहे ते सगळं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘कॅटलॉग’ सलग ऐकणं ही माझ्यासाठी शिक्षा होती. दोन हजाराच्या आसपास मी चहा करायला उठलो. कल्पना म्हणून ती रचना आवडते, कान मात्र थकतात.

‘नारायणाज काउज’ची गोष्ट वेगळी. ही १९८९ ची. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिली, त्यात एक कोडं आहे. एक गाय दर वर्षी एक वासरू देते. ते वासरू चौथ्या वर्षापासून स्वतः दर वर्षी एक वासरू द्यायला लागतं. तर वीस वर्षांनी कळप किती? जॉन्सन यांनी गायीला लांब सूर दिला आणि वासराला आखूड. छंदशास्त्राच्या भाषेत गुरु आणि लघु. पहिल्या वर्षी गाय आणि वासरू: गुरु लघु. दुसऱ्या वर्षी गुरु लघु लघु. तिसऱ्या वर्षी गुरु लघु लघु लघु. चौथ्या वर्षी थोरलं वासरू आई होतं, त्याचं पोर कळपात येतं:

गुरु लघु लघु लघु, गुरु लघु.

आणि पाचव्या वर्षी:

गुरु लघु लघु लघु, गुरु लघु, गुरु लघु लघु.

टेबलावर टिचकी मारून पाहिलं की लक्षात येतं, दर वर्षीची ओळ म्हणजे गेल्या वर्षीची अख्खी ओळ आणि तिच्या शेपटाला तीन वर्षांपूर्वीची अख्खी ओळ. म्हणजे दोन, तीन, चार, सहा, नऊ, तेरा, एकोणीस, अठ्ठावीस; विसाव्या वर्षी २,७४५. ताल कधीच नेमका परत येत नाही, तरी सतत ओळखीचा वाटतो, तिहाईची चाहूल लागावी आणि ती दर वेळी थोडी पुढे सरकावी तसा. आणि मध्ये मध्ये निवेदक येऊन शांतपणे सांगतो की आता अमुकावं वर्ष, आता कळपात इतक्या गायी. पुन्हा तेच: वाजवायचं आणि काय वाजलं ते सांगायचं. गणितज्ञ ज्याँ-पॉल आलूश यांच्याबरोबर जॉन्सन यांनी १९९६ मध्ये या रचनेतल्या क्रमावर एक शोधलेखही लिहिला. एका भारतीय पंडिताचं साडेसहाशे वर्षांपूर्वीचं कोडं पॅरिसमध्ये वाजतं आणि त्यावर फ्रेंच गणितज्ञ लिहितो, यात अभिमानानं छाती फुगवण्यासारखं आपल्याकडून काही झालेलं नाही, एवढं फक्त नमूद करतो.

१९८८ मध्ये ब्रेमेनला ‘रीमानऑपर’ रंगमंचावर आला. त्याची संहिता म्हणजे रीमान यांचा जर्मन संगीतकोश. ‘आरिया’ (ऑपेरातलं एकट्यानं गायचं गाणं) या नोंदीची व्याख्या आरिया म्हणूनच गायची. कोशाचं गाणं करण्याची ही कल्पना समीक्षकालाच सुचू शकते. मात्र ‘बोनहोफर ओरेटोरियम’ या मोठ्या कृतीत त्यांनी हे खेळ बाजूला ठेवले. नात्झींना विरोध करून १९४५ मध्ये फाशी गेलेले धर्मोपदेशक डीट्रिश बोनहोफर, त्यांचे शब्द, समूहगान आणि वाद्यवृंद. तिथे शब्दांनाच इतकं वजन होतं की रचनेनं स्वतःबद्दल बोलायची गरज नव्हती, हे त्यांना कळलं. आपली युक्ती कुठे वापरायची नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडे ती नुसती युक्ती राहत नाही.

स्वरलिपी त्यांनी स्वतःच्याच ‘एदिस्यों ७५’ या प्रकाशनातून छापल्या. २००१ मध्ये सॅक्सोफोनसाठीच्या ‘किएन्त्झी लूप्स’ला फ्रान्सचा ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ पुरस्कार मिळाला. उतारवयात त्यांनी ‘इलस्ट्रेटेड म्युझिक’ नावाची छोट्या चित्रफितींची मालिका केली. एक आकृती समोर येते, रेषा, ठिपके, जोडलेले आकडे. त्यातून सूर कसे निघाले ते ते समजावतात आणि मग तो तुकडा वाजतो. आवाज सपाट, घाई नाही, स्वतःची स्तुती नाही, पल्लेदार विशेषणं तर नाहीतच. किती सूर, कुठल्या क्रमानं, कधी बदलतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये ते गेले. त्या चित्रफिती अजून तिथे आहेत, आणि त्यांतला बोलण्याचा ढंग थेट ‘व्हॉइस’च्या स्तंभाचा आहे; बदललंय ते इतकंच की आता परीक्षणाखाली आणि रचनेखाली सही एकाच माणसाची.